नाशिककरांनो, जैवविविधता गटाचे कोणते उपक्रम खरंच टिकतात?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. इंदिरानगर-पाथर्डी फाटा भागात आम्ही काही जण मिळून जैवविविधतेसाठी एक छोटा गट चालवतो. नोंदणी नाही, देणगी नाही. एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि महिन्यातला एक रविवार, एवढंच भांडवल. पांडवलेणीच्या पायथ्याला फेरी, नेहरू वनोद्यानात फुलपाखरं बघणं, मुलांसाठी पानं ओळखायचे खेळ असं काही ना काही सुरू असतं.

आता पेच असा आहे. प्रभागातल्या एका पुढाऱ्यांनी ५ जूनच्या पर्यावरणदिनासाठी रोपं, खड्डे, मंडप आणि नाश्ता देऊ केलाय. जागा म्हणजे टेकडीचा उघडा उतार. अर्धा गट म्हणतो, संधी सोडू नका, माणसं जोडली जातील. उरलेला अर्धा म्हणतो, हे नुसतं फोटोसेशन, त्यापेक्षा वर्षभर नोंदी करू. मी दोन्हीकडची बोलणी खातेय.

तुमच्या भागात अशा गटांनी काय सुरू केलं, काय बंद पडलं आणि का, ते सांगा. सल्ले चालतील, पण अनुभव जास्त हवेत.

सिडकोचा_पक्या
आधी हे ठरवा की फ्लेक्सवर झाडाचा फोटो मोठा की साहेबांचा. पुढचं सगळं आपोआप ठरतं.

काकडवाला
रोपं फुकट मिळतात, पाणी मिळत नाही. पुढाऱ्यांना एवढंच विचारा की पुढच्या मार्चपासून जूनपर्यंत टँकर कोण पाठवणार. साधारण तीन उन्हाळे काढले की झाड आपलं आपण उभं राहतं. आणि पाण्याच्याही आधी वणवा येतो. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि फेब्रुवारीपासून कोणी ना कोणी काडी टाकतंच. त्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत कापून मोकळा पट्टा, काढायला विळा घेऊन जेवढे लोक येतात तेवढाच तुमचा गट, बाकीचे पाहुणे.

सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ च्या पर्यावरणदिनी लोकांनी देवराई लावायला घेतली, ती जाऊन बघा. लावणीच्या दिवशीच्या गर्दीची बातमी झाली. झाडं मात्र वाढली ती नंतर वर्षानुवर्षं पाणी घालणाऱ्या आणि गवत कापणाऱ्यांमुळे.

रोपांची यादी आधी मागून घ्या. गिरिपुष्प, सुबाभूळ, गुलमोहर, काशीद, रेनट्री अशी बाहेरून आलेली झाडं असतील तर गोड बोलून परत पाठवा. आपल्याकडची काकड, मोह, पळस, बेहडा, खैर, कांडोळ, पांगारा, उंबर मागा. रोप कंबरेएवढं हवं. वीतभर रोप पहिल्याच पावसाळ्यात गवताखाली दिसेनासं होतं आणि गवत कापणारा त्याला गवताबरोबरच कापतो.

माळावरची
काकडवाला, सगळं पटलं, पण एक प्रश्न तुम्हीही विचारला नाहीत. त्या उतारावर झाड हवंच आहे का?

उघडा उतार दिसला की लोकांचे हात शिवशिवतात. गवताळ जमीन ओसाड नसते. चंडोल जमिनीवर अंडी घालतो. टिटवीची वीण साधारण मार्च ते ऑगस्ट चालते, म्हणजे तुमचे खड्डे खणायला जेसीबी येईल तेव्हा तिची अंडी तिथेच दगडांत असणार आणि ती कोणाला दिसणार नाहीत. तित्तर, ससे, सरडे वेगळेच.

आपल्या अंजनेरीचं बघा. सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात २००६ मध्ये जगापुढे आली आणि डोंगराच्याच नावाने ओळखली गेली. ती वाढते उघड्या गवतात. कंद जमिनीत राहतो आणि पावसाळ्यापुरतं रोप वर येतं. मे महिन्यात तिथे गेलात तर 'इथे काहीच नाही' असंच म्हणाल आणि नेमका कंदावर खड्डा घ्याल. एक पावसाळा तो उतार नुसता बघा, मग ठरवा.

काकडवाला
मान्य, मूळचा माळ असेल तर हात लावू नये. पण आपल्याकडचे सगळेच उघडे उतार मूळचे माळ नाहीत, कित्येक ठिकाणी तोड झालेली आहे. ओळखायचं असेल तर जुने खुंट शोधा. पळस, साग, धावडा यांना बुडातून फुटवा येत असेल तर तिथेही खड्डे नकोतच. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली तर आतली मुळं स्वतःच वर येतात. त्यात अडचण एकच, उद्घाटनाला फीत कुठे बांधायची ते कळत नाही.

खडूस_काका
दोन्ही बाजू ऐकल्या. झाडं लावणारे निदान काहीतरी लावतात. हे मोजणारे काय करतात? गळ्यात लाखाचा कॅमेरा, डोक्यावर हिरवी टोपी, एका बुलबुलाचे दोनशे फोटो. त्याने बुलबुलाचं काय भलं झालं ते मला कोणी समजावून सांगा.

टिवटिव
काका, प्रयत्न करतो.

नांदूर मध्यमेश्वर १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं जाहीर झालं. त्या यादीतली राज्यातली पहिली जागा. ती सुंदर आहे म्हणून यादीत घेत नाहीत. किती जातींचे पक्षी येतात, धोक्यातले कोणते, याच्या नोंदी कागदावर दाखवाव्या लागतात. आणि त्या एका वर्षात तयार होत नाहीत, त्यामागे लोकांनी थंडीत उभं राहून केलेल्या गणना असतात.

शहरातही तेच. सिंहस्थासाठी तपोवनातली झाडं काढायचा विषय निघाला तेव्हा माणसं रस्त्यावर आली, फार चांगलं झालं. पण अशा वेळी समोरचा विचारतो की झाडं कोणती, वयं काय, घरटी कोणाची. उत्तर आधीपासून वहीत असेल तर बोलण्याला वजन येतं. आदल्या आठवड्यात धावपळ करून केलेली यादी लगेच उघडी पडते.

आणखी एक. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे आपल्या भागातल्या झाडा-प्राण्यांच्या नोंदींची वही, करावी लागते. पुष्कळ ठिकाणी ही वही कोणीतरी कार्यालयात बसून भरतं. तुमच्यासारख्या गटाने आपल्या प्रभागाची पानं खरी भरून दिली तर गटाला वर्षभराचं काम मिळेल. शिवाय नव्या येणाऱ्याला हातात काहीतरी देता येतं. नुसता फिरायला आलेला माणूस दोन फेऱ्यांत कंटाळतो.

खडूस_काका
हं. वहीचं पटलं. टोपीचं अजून नाही.

निफाडकर
राम राम. नांदूर मध्यमेश्वरचं नाव निघालं म्हणून बोलतो, माझी बाग तिथून जवळच.

हिवाळ्यात रविवारी चापडगाव-खानगाव थडीकडं गाड्यांची रांग लागते. या, आनंद आहे. गावातली पोरं गाईड म्हणून उभी राहिली, दुर्बिणी शिकली, चार पैसे मिळतात. पण तुम्ही शहरातले गट आल्यावर पक्ष्यांबद्दल विचारता, पाण्याबद्दल कोणी विचारत नाही. गोदावरी-कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळातला बंधारा, त्यात गाळ भरला, म्हणून पाणी उथळ. उथळ म्हणून चमच्या पक्ष्याला, करकोच्याला चालत चालत खाता येतं. त्याच गाळानं आमचं साठ्याचं पाणी कमी होतं. पक्ष्यावर राग नाही, पण दोन्ही हिशेब एकाच वहीत लिहा.

द्राक्षाचं सांगतो. मणी गोड झाले की साळुंक्या, बुलबुल, पोपट हजर. आम्ही जाळी टाकतो. ढिली जाळी राहिली की त्यात पाखरं अडकतात, कधी रात्रीत घुबडही. घुबड तर आमचे उंदीर मारतं! जाळी ताणून बांधली, कडा जमिनीपाशी दाबल्या तर अडकणं बरंच कमी होतं. एखाद्या गटानं हिवाळ्यात येऊन हे बागाबागांत दाखवलं तर तुमच्या शंभर पोस्टरपेक्षा जास्त पाखरं वाचतील.

आणि बिबट्या. उसात त्याची पिल्लं असतात हे आम्हाला ठाऊक आहे. रात्री मोटर चालू करायला जायचं कोणी? दिवसा वीज द्या या मागणीवर तुमच्या गटांनी एक तरी सही केली का?

माळावरची
निफाडकर, शेवटचा प्रश्न वर्मी लागला. आमच्याकडे यावर कधी चर्चाच झाली नाही. सहीची सोय करते.

सिडकोचा_पक्या
दादा, पोपटांना बेदाणे चालतात का विचारून ठेवा, आम्हालाही पाठवा पेटीभर.

निफाडकर
पत्ता द्या, पोपटाच्या नावानं पाठवतो.

अनघा_मखमलाबाद
मी शाळेत शिकवते, त्यामुळे मुलांपुरतं सांगते. आमच्याकडे सगळ्यात चाललेला उपक्रम म्हणजे कढीपत्ता.

हसू नका. लाइम आणि कॉमन मॉर्मन ही दोन्ही फुलपाखरं लिंबू-कढीपत्त्यावर अंडी घालतात. छोटी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. बोट लावलंत तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. चौथीच्या मुलांना यापेक्षा मोठं नाटक काय दाखवणार? प्रत्येकाने घरच्या नाहीतर शेजारच्या कुंडीवर लक्ष ठेवायचं, अळी कितवी कात टाकते ते लिहायचं, कोष झाला की वर्गात सांगायचं. खर्च शून्य. बाहेर रुईच्या झाडावर प्लेन टायगर आहेच. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, तेही लिंबाच्याच कुळावर वाढतं.

अडथळा मुलांचा नसतो, आयांचा असतो. "कीड लागलीये, औषध मार" हे वाक्य प्रत्येक घरातून येतं. एका मुलीने आजीशी तह केला. अर्धं झाड आजीच्या आमटीला, अर्धं अळ्यांना. आता आजी स्वतः फोन करून सांगते की आज एक उडालं.

टिवटिव
अनघाताई, सप्टेंबर हा देशभर फुलपाखरांचा महिना म्हणून पाळतात. मुलांच्या नोंदी त्यात घाला.

आणि पावसाळ्यात पतंगांची (उडवायचे नव्हे, दिव्यावर येणारे) रात्र करून बघा. गच्चीवर पांढरी चादर टांगायची, समोर दिवा, आठनंतर बसायचं. चालायचं नाही, डोंगर चढायचा नाही, सोसायटीतली सगळी येतात. आमच्या वॉचमनला आधी वाटलं सिनेमा आहे. नंतर तोच चादरीजवळून हलेना.

सुरगाणेकर
रानभाज्यांचं कोणी काढलं नाही अजून, म्हणून मी काढते. पावसाळा सुरू झाला की शहरातल्या गटांना पेठ, हरसूल, सुरगाण्याची आठवण येते. शेवळं, कोळू, करटोली, कुर्डू, चाईचा मोहर, टाकळा, भारंगी. उपक्रम सुंदर आहे, लोक प्रेमाने येतात. दोन गोष्टी मात्र नीट बघा.

एक, फोटोवरून ओळखून भाजी आणू नका. शेवळं काकडाच्या फळांसोबत नीट शिजवली नाहीत तर घसा धरतो, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं, तुमच्या गटातल्या इंजिनिअरला नसतं. दोन, पन्नास माणसं एका रानात उतरून कोळूच्या जुड्या खुडून नेतात तेव्हा पुढच्या महिन्यात त्याच रानावर जगणाऱ्या बाईला काय उरतं? त्यापेक्षा तिच्या अंगणात बसा, तिने खुडलेली भाजी तिच्या दराने विकत घ्या, रांधायला तिला सांगा आणि शिकवणीचे पैसे वेगळे द्या. तज्ज्ञ म्हणून शहरातल्या वक्त्याला मानधन आणि तिला नारळ, हा प्रकार मी पाहिलेला आहे.

काकडवाला
वा. आणि ते काकडाचं झाड शहरात कोणी लावत नाही, म्हणून मी माझा आयडीच तसा घेतलाय.

सिडकोचा_पक्या
खाण्याचा विषय निघालाच आहे तर खरं बोलू या. नाशिकमध्ये पक्षीनिरीक्षण म्हणजे मिसळीआधीचा टाइमपास. साडेसहाला गंगापूर धरण, साडेआठला सगळ्यांच्या दुर्बिणी रस्त्याकडे.

अनघा_मखमलाबाद
यात लपवण्यासारखं काय आहे? मिसळ नसती तर आमचे हे कधी उठलेच नसते.

खडूस_काका
काळ्या मसाल्याची की लाल? पापड चुरून की बाजूला?

सिडकोचा_पक्या
ॲडमिन, धागा पाककृती विभागात हलवा.

पंचवटी_पतंग
मिसळीतून बाहेर या, एक झटपट होणारं काम सांगतो. संक्रांतीनंतरचा मांजा. पतंगबाजी दोन दिवसांत संपते, झाडावरचा नायलॉन मांजा कित्येक महिने राहतो. तो कुजत नाही. बंदी असूनही विकला जातो हे सगळ्यांना दिसतं. वटवाघळं, घारी, बगळे त्यात नंतरही लटकतात.

लांब बांबूला आकडी लावायची आणि गल्लीगल्लीत झाडांवरून, तारांपासून लांब राहून, गुंते उतरवायचे. विजेच्या तारेला हात लावायचा नाही, तिथे वीज कंपनीलाच बोलवायचं. पोरं जाम येतात, कारण संध्याकाळी पोत्यात काय जमलं ते डोळ्यांना दिसतं. पक्षी अडकलेला दिसला तर मांजा ओढू नका, पंखाजवळ थोडा ठेवून कापा, खोक्यात अंधारात ठेवा, पाणी तोंडात ओतू नका आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

माळावरची
याला माझं पूर्ण अनुमोदन. पाणवेलींच्या सफाईला मात्र नाही. दरवर्षी गोदावरीतून पाणवेली काढायची श्रमदानं होतात, घामाघूम माणसं, ढीग, फोटो. वरून सांडपाणी येतंय, त्यातल्या नत्र-स्फुरदावर ती पोसली जातेय, काही आठवड्यांत पात्र पुन्हा हिरवं. नासर्डी आणि वाघाडी या शहरातल्या छोट्या नद्या कुठे कुठे नाल्यासारख्या वाहतात, कोणता पाइप कुठे सुटतो, याचा नकाशा करायचा असेल तर मी येते.

चिमणराव_नारोड
चिमण्या राहिल्याच. जागतिक चिमणी दिन, २० मार्च, हा आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारातून २०१० पासून सुरू झाला. त्यामुळे घरटी वाटायचा उपक्रम आपल्याकडे सगळे करतात. बहुतेक घरटी रिकामी राहतात, कारण ती शोभेसाठी टांगलेली असतात. भोक साधारण ३२ मिलिमीटरचं हवं, मोठं ठेवलं तर साळुंकी शिरते. पुढे बसायला दांडी नको. दुपारचं ऊन नको, मांजराची उडी पोहोचायला नको. आणि खाली दाट झुडूप नाही, मातीत लोळायला जागा नाही, पिल्लांना भरवायला किडे नाहीत, तर चिमणी नुसत्या खोक्यासाठी कशी येईल? दहा घरटी वाटण्यापेक्षा एक मेंदीचं कुंपण वाचवा.

रामशेजचा_वारा
उशिरा आलो. मूळ प्रश्न टिकण्याचा होता ना? मग बोरगडचं नाव घ्यायला हवं.

रामशेज किल्ल्याच्या बाजूचा डोंगर. नाशिकच्या निसर्गप्रेमींनी वनविभाग आणि पायथ्याच्या तुंगलदऱ्याच्या गावकऱ्यांसोबत बरीच वर्षं तिथे काम केलं आणि २००८ मध्ये ते संवर्धन राखीव क्षेत्र झालं. वन्यजीव कायद्यात हा प्रकारच मुळात २००२ च्या दुरुस्तीने आला, म्हणजे तशी ही नवीच वाट होती. आज तिथे गेलात तर कडेला कडेला रान दाटलेलं दिसतं. ते गावाने चराई आणि तोड आवरली म्हणून.

हरसूलकडच्या खोरीपाड्याचं गिधाडांचं काम त्याच जातीचं. जनावरांना देत त्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा अंश मेलेल्या जनावरातून पोटात जाऊन गिधाडं संपत आली, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पण बंदीने पोट भरत नाही, म्हणून मेलेली जनावरं गिधाडांसाठी ठरलेल्या जागी टाकायची. हे रोजचं काम कोण करणार? पाड्यावरचीच माणसं. नाशिकहून रविवारी जाणारा गट हे करू शकत नाही. तो फार तर त्या माणसांच्या मागे उभा राहू शकतो.

तेव्हा गोदाकाठची, माझं मत असं की तुमच्या टेकडीच्या पायथ्याशी जे राहतात, गुरं चारतात, सरपण नेतात, त्यांच्यातला एक तरी माणूस गटात आहे का ते बघा. नसेल तर झाडं की नोंदी हा वाद दुय्यम आहे.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार, मिसळीच्या प्रतिसादांचेही. काल बैठक झाली. थोडक्यात सांगते.

उतारावर या पावसाळ्यात लावणी नाही. माळावरची म्हणाल्या तसं पाऊसभर बघायचं, दर पंधरवड्याला तीच वाट, तीच वही. खुंट आणि फुटवे मोजायचं काम दोघांनी घेतलंय. पुढाऱ्यांकडे मी आणि एक काका गेलो, रोपांऐवजी पुढच्या उन्हाळ्याचा टँकर मागितला. ते म्हणाले, टँकरवर बॅनर लावता येईल. आम्ही हो म्हटलं. गटातल्या काहींना हे अजिबात आवडलेलं नाही आणि एक जण ग्रुप सोडून गेला. रोपं थोडी घेतोय, ती रस्त्याकडेच्या मेलेल्या झाडांच्या जागी लावू, तिथे समोरचे दुकानदार पाणी घालायला तयार आहेत.

रामशेजचा_वारा, तुमच्या प्रश्नाला आमचं उत्तर 'नाही' असं आहे. पायथ्याला शेळ्या चारणारे एक बाबा रोज भेटतात. आमच्यापैकी कोणाला त्यांचं नाव माहीत नव्हतं. पुढच्या फेरीला वाट ते दाखवणार आहेत, त्यांच्या दिवसाचे पैसे देऊन.

काकडवाला
टँकर मिळाला की कळवा. लेखी घ्या.

खडूस_काका
एक शंका. हे सगळं पाय धड असलेल्यांसाठी चाललंय. माझे गुडघे गेलेत. डोंगर नाही, धरणाचा चिखल नाही, गच्चीला लिफ्ट नाही. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर बाकावर बसतो, तेवढंच. माझ्यासारख्याने काय करायचं?

टिवटिव
काका, तुमच्याइतकी चांगली जागा कोणाकडेच नाही. त्याच बाकावर, त्याच वेळी, पंधरा मिनिटं. दिसलेला आणि ऐकू आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, किती ते लिहायचं. फोनवर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपमध्ये एका जागी बसून केलेल्या नोंदींची सोय आहे, मी येऊन लावून देतो. आम्ही फिरणारे दर वेळी वेगळ्या वाटेने जातो, त्यामुळे आमच्या यादीवरून बदल कळत नाही. तुमच्या बाकावरून कळेल.

खडूस_काका
कावळे-कबुतरं पण लिहायची?

टिवटिव
तीच आधी.

खडूस_काका
मग आजचं घ्या लिहून. समोरच्या तारेवर कावळे नऊ, त्यात एक डोमकावळा. कबुतरं मोजण्याच्या पलीकडे. टोपी घालणार नाही.